त्या ओळीतला ‘अन्’

आज कूलर वरच्या खोलीतून खाली आणला. तिन्ही बाजूंना गवताच्या नव्या ताट्या बसवल्या, टाकी भरली, बटण दाबलं आणि पहिला ओला वारा तोंडावर आला. कोरडं गवत पहिल्यांदा भिजतं तेव्हा जो वास सुटतो तो आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना अत्तराहून प्यारा. अमरावती असो की अकोला, उन्हाळा लागला हे आम्हाला पंचांग सांगत नाही, हा वास सांगतो. लहानपणी कूलरच्या अगदी तोंडाशी कोण बसणार यावरून आम्ही भावंडं एकमेकांच्या झिंज्या उपटायचो. आता तो वास आला की माझं डोकं तापतं. दुःखानं नाही. दुःख केव्हाच आपल्या जागी जाऊन बसलं. हा राग आहे, आणि तो दर उन्हाळ्यात कूलरबरोबर खाली उतरतो.

माझ्या धाकट्या भावाचा, सुमेधचा, एक अल्बम आहे. नाव ‘घोटभर’. घरात विशीतलं पोर असेल तर तुम्ही तो ऐकलाच असणार. चार पोरांचा बँड, मराठी रॉक, आणि सगळी गाणी एकाच विषयावरची: बापाचं मरण. पुण्या-मुंबईचे जाणकार म्हणतात की मराठीत मरणावर असं कुणी गायलंच नव्हतं. त्याला बक्षिसं मिळाली, त्याच्या मुलाखती झाल्या. अल्बमच्या सुरुवातीला कुठलंही वाद्य नाही, नुसता पाण्याचा आवाज आहे. एका समीक्षकानं त्याबद्दल लांबलचक लिहिलं, की हा दूरवर पडणारा पाऊस आहे आणि रडू न शकलेल्या मुलासाठी आभाळ रडतं आहे.

तो पाऊस नाही. तो आमच्या अकोल्याच्या घरातला कूलर आहे. पंपाची एक नळी तुंबली होती, म्हणून एका बाजूची ताटी कोरडी राहायची आणि दुसऱ्या बाजूनं पाणी बदाबदा गळायचं. ती नळी साफ करायला मला त्या मे महिन्यात सवड झाली नव्हती.

मी अमरावतीला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. वर्गातल्या मुली तास संपल्यावर टेबलाशी येतात, मॅडम, तो खरंच तुमचा सख्खा भाऊ का, असं विचारतात आणि मला नशीबवान म्हणतात. स्टाफरूममध्येही तेच. सगळ्यांना माझ्याकडून एवढंच ऐकायचं असतं की हो, फार मोठं काम केलंय पोरानं. मी आजवर मान हलवून वेळ मारून नेली. आता एकदा सरळ सांगते.

आमचे बाबा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. अकोला, बार्शीटाकळी, मूर्तिजापूर, या सगळ्या रस्त्यांवरचे खांब त्यांना माणसांसारखे ओळखीचे. कुठला खांब पावसाळ्यात कलतो, कुठल्यावर दरसाल कावळा घरटं करतो, हे त्यांना तोंडपाठ. सुट्टीच्या दिवशी ते सुमेधला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे आणि रस्त्याकडेच्या खांबाला त्याचा कान लावून द्यायचे. वाऱ्यानं तारा थरथरतात आणि खांब आतून गुणगुणतो. बाबा म्हणायचे, “आइक. कोनीतरी कोनाशी तरी बोलून राहिलं.” सुमेध बराच मोठा होईपर्यंत ते खरं मानायचा. घरी येऊन, तारांचं मोठं लाकडी रीळ अंगणात आडवं पडलेलं असायचं, त्याच्यावर बोटांनी ताल धरायचा आणि तोंडानं तसाच हूं हूं आवाज काढायचा. त्याचं संगीत तिथं सुरू झालं. याला मी साक्षीदार आहे.

अल्बमच्या मुखपृष्ठावर मात्र भेगाळलेली काळी जमीन आहे आणि तिच्यात एकटा उभा बैल. वऱ्हाडातला बाप म्हणजे शेतकरीच, आणि मेला म्हणजे तसाच मेला असणार, हे लोकांनी परस्पर ठरवून टाकलं. एका मुलाखतीत विचारणाऱ्यानं ‘तुमच्या शेतकरी वडिलांचा मृत्यू’ अशीच सुरुवात केली. सुमेधनं त्याला दुरुस्त केलं नाही. आमच्याकडे तीन पिढ्यांत एक गुंठा जमीन नाही. आजोबा लोकांच्या शेतात राबले, बाबा शिकून खात्यात लागले, आणि आपल्याला आता कुणाच्या बांधावर उभं राहायची गरज नाही याचा त्यांना केवढा अभिमान होता. तो माणूस पोरानं मेल्यावर परत बैलाच्या मागे उभा केला.

त्या वर्षी मे महिना लागता लागता बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली आणि गिळणं बंद पडलं. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन नीट समजावलं. नाकातल्या नळीतून पातळ अन्न द्यायचं, तोंडानं काहीही नाही, पाणीसुद्धा नाही. पाणी पोटात जायच्या ऐवजी फुप्फुसात उतरेल. मी कॉलेजला सुट्ट्याच होत्या म्हणून अकोल्याला येऊन राहिले.

अकोल्याचा मे ज्यांनी काढला नाही त्यांना सांगून उपयोग नाही. सकाळी नऊला रस्ते ओस पडतात. दाराची कडी हाताला चटका देते. नळाचं पाणी संध्याकाळपर्यंत अंघोळीलाही सोसत नाही. अशा दिवसांत, दोन खोल्यांच्या त्या घरात, एक माणूस कूलरसमोर पडून दिवसभर एकच शब्द म्हणत होता. पाणी. त्यांची जीभ वळत नव्हती, तरी तो शब्द स्पष्ट यायचा. मी ओल्या कापसानं त्यांचे ओठ पुसायची. ते तो कापूस ओठांत धरून चोखायला बघायचे, आणि मला तो ओढून काढावा लागायचा. कोपऱ्यात माठ होता. त्याच्यावरचा ओला फडका त्यांना खाटेवरून दिसायचा. एक दिवस मी तो माठ उचलून स्वयंपाकघरात ठेवला, तेव्हा ते माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत राहिले तशी नजर मला बाबांची माहीत नव्हती.

सुमेध मध्ये चार दिवस आला. तेव्हा तो पुण्यात राहायचा, गाणं जोरात सुरू नव्हतं. त्यानं बाबांचे पाय दाबले, अंग पुसलं, त्यांच्या उशाशी बसून हळू आवाजात गुणगुणला. जे केलं ते मी नाकारत नाही. उशाशी मोबाइल ठेवून तो बराच वेळ रेकॉर्डिंग करायचा. मला वाटलं, बाबांचा आवाज जवळ राहावा म्हणून करतोय. मग कधीचा ठरलेला कार्यक्रम होता म्हणून परत गेला. त्याचाही मला राग नाही. मरण कुणाला सांगून येतं.

तो गेल्यावर दोन-तीन दिवसांतली एक दुपार. बाहेर झळा, आत कूलरचा घरघराट. मी मागच्या खोलीत पाठ टेकली होती. बराच वेळ बाबांचा आवाज आला नाही म्हणून दचकून उठले आणि दारात येऊन थांबले. आई खाटेच्या काठावर बसली होती. बाबांचं डोकं तिनं आपल्या दंडावर घेतलं होतं, हातात वाटी-चमचा होता आणि ती थेंब थेंब त्यांच्या जिभेवर सोडत होती. ठसका लागला नाही. बाबांचा गळा हलला. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, “गार हाये.”

आई म्हणाली, “माठातलं हाये.”

मी दारातून मागे सरकले. त्या दोघांच्या संसारात इतकं खाजगी काही मी कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी पाणी मागितलं नाही. संध्याकाळी ऊन उतरलं, आईनं खिडकी उघडली आणि त्यांच्याजवळ बसून कितीतरी गोष्टी सांगितल्या. समोरच्यांच्या पोरीचं लग्न जुळलं, मांजरीनं जिन्याखाली पिलं घातली, असलंच काही. मधूनमधून बाबांचा डावा हात तिच्या पदराशी खेळायचा. रात्री शांत झोपले. सकाळी दूधवाला येऊन गेला तेव्हा ते गेलेले होते.

सुमेधला फोन मीच केला. तो लहान मुलासारखा रडायला लागला आणि एकच विचारत राहिला, शेवटपर्यंत पाणी मागत होते का गं? त्याला बरं वाटावं म्हणून मी सांगितलं, की नाही, काल दुपारी आईनं पाजलं, प्यायले आणि गार हाये म्हणाले. बहिणीनं भावाला द्यायचं समाधान होतं ते.

पुढच्या वर्षी ‘घोटभर’ आला. त्यातलं जे गाणं सगळ्यांच्या तोंडी आहे त्याची ओळ अशी:

मायनं पाजलं घोटभर पानी,
अन् माहा बाप गेला.

आम्ही आईला जन्मात कधी माय म्हटलं नाही. घरात आई आणि बाबाच होते. वऱ्हाडी बोलतो म्हणून शाळेत पोरांनी चिडवलं तेव्हा हाच सुमेध सहा महिने घरातसुद्धा पुस्तकी मराठी बोलायचा. पण ते जाऊ द्या, गाण्यात माणूस शब्द बदलतो. एका पंडितानं तर या ओळीवर लिहिताना मरणाऱ्याच्या मुखातल्या गंगाजलाची परंपरा उलगडून दाखवली. बाबांच्या देहाजवळ भंतेजींनी त्रिशरण म्हटलं होतं. गंगाजळ आमच्या घराच्या उंबऱ्यातून कधी आत आलेलं नाही. त्यावर मी हसले, खरंच.

हसू आलं नाही ते त्या ‘अन्’वर.

अकरावीच्या पोरांना मी पहिल्याच महिन्यात बजावते, की एकानंतर दुसरं घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं होत नाही. ती दुपार आणि ती सकाळ यांच्यामध्ये एक अख्खी संध्याकाळ होती. मांजरीची पिलं होती, पदर होता. ‘गार हाये’ होतं, माझ्या बापाचे शेवटचे शब्द. ते सुमेधनं घेतले नाहीत, कारण ते घेतले असते तर ओळ पडली असती. तहान भागलेल्या बापाचं गाणं कोण ऐकणार? त्यानं मधलं सगळं उचलून फेकलं आणि तिथं एक दीड अक्षराचा शब्द ठेवला. चार शब्द आईवर, तीन शब्द बाबांवर आणि मध्ये ‘अन्’. आरोपपत्राला आणखी काय लागतं?

तुम्ही म्हणाल, गाणं वाईट असेल. तसं असतं तर फार सोपं झालं असतं. अकोल्याचं घर आवरायला जाताना एसटीत मी तो अल्बम पहिल्यांदा सलग ऐकला. काही गाणी पोकळ आहेत. नुसता गिटारचा कल्लोळ, आणि अंधार, राख, धूर असले शब्द, जे मरण न पाहिलेला कुणीही लिहील. खांबाला लावलेल्या कानाबद्दल एक अक्षर नाही. बापानं दिलेलं सगळ्यात मोठं धन त्याला आठवलंच नाही, की ते विकण्यासारखं वाटलं नाही, कोण जाणे. पण हे एक गाणं लागलं आणि मी खिडकीचा गज घट्ट धरला. ड्रम खूप उशिरा येतो, आणि त्याच्या आधी सुमेधचा आवाज एकटाच असा चालतो जसा माणूस अंधाऱ्या घरात भिंत चाचपत चालतो. ‘अन्’पाशी तो श्वास घेतो. त्या श्वासात गाडीतली सगळी माणसं मला क्षणभर धूसर दिसली. गाणं चांगलं आहे. त्याचं कौतुक व्हायला पाहिजे तेवढं झालंय. माझा राग त्याच्या चांगलेपणावरच आहे. वाईट गाण्यानं माणसावर डाग पडत नाही. चांगल्या गाण्याचा डाग पिढ्यान् पिढ्या जात नाही.

आईला मी ते ऐकवलं नव्हतं. पोराचं नाव झालं एवढं तिला पुरे होतं. बाबा गेल्यावर ती माझ्याकडे अमरावतीला राहायला आली. दिवाळीनंतरची गोष्ट. खालच्या मजल्यावरच्या सूनबाईनं कौतुकानं तिला मोबाइलवर एक रील दाखवलं, आजी, तुमच्या सुमेधदादाचं गाणं. रील म्हणजे तेवढीच ओळ, संपली की पुन्हा तीच. आईनं किती वेळा ऐकली कोण जाणे. मी कॉलेजातून आले तेव्हा ती भाजी निवडत बसली होती आणि निवडलेली मेथी परत न निवडलेल्या मेथीत टाकत होती.

रात्रीचं जेवण तिनं नको म्हटलं. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, “रजू, मी पाजलं म्हून गेले का ते?”

मी नाही म्हटलं, दहा तऱ्हांनी नाही म्हटलं. तिला पटेना. सुमेध शिकलेला आहे, तो उगीच लिहील का, असं तिचं म्हणणं. दोन दिवस ती पाण्याचा पेला हातात घेऊन नुसती बसायची. शेवटी मी तिला अकोल्याला त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेले. भला माणूस. त्यांना बाबा आठवत होते. त्यांनी सांगितलं की पाणी फुप्फुसात गेलं असतं तर ताप आला असता, श्वास घुसमटला असता, असं शांत झोपेत कुणी जात नाही. तो दुसरा झटका होता, येणारच होता. आईनं सगळं ऐकून घेतलं, हात जोडले आणि बाहेर आली. परतीच्या वाटेवर मूर्तिजापूर मागे पडल्यावर म्हणाली, “चांगला मानूस हाये डॉक्टर. मले बरं वाटावं म्हून बोलला.”

त्या दिवशी मला कळलं की डॉक्टर गाण्यासमोर हरतो. एका माणसाचं खरं हजार माणसांना पाठ असलेल्या ओळीपुढे टिकत नाही.

फेब्रुवारीत बँडचा दौरा निघाला आणि त्यात अमरावती होतं. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मैदानावर कार्यक्रम. सुमेध आदल्या दिवशी घरी आला, आईच्या हातचं वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकर खाल्ली. आई त्याला वाढताना एक शब्द बोलली नाही त्या गाण्याबद्दल. जेवण झाल्यावर मी त्याला गच्चीवर नेलं. सगळं सांगितलं. रील, मेथी, डॉक्टर.

तो हादरला, हे मान्य करायला हवं. पण सावरल्यावर जे बोलला त्यानं माझं टाळकं फिरलं. म्हणाला, ताई, गाण्यातली आई म्हणजे आपली आई नाही, ती एक प्रतिमा आहे. मी विचारलं, “मंग कोनाची आई हाये ते सांग. तिले मी जाऊन सांगतो, की तुहं काही चुकलं नाई.”

वऱ्हाडी मी रागातच बोलते. तो म्हणाला, “ताई, मी तिथं नव्हतो. माझ्याकडे बाबांच्या मरणातलं एवढंच होतं, तू फोनवर सांगितलेलं. दुसरं काहीच नव्हतं गं.”

मला त्याची कीव आली नाही. आज सांगताना थोडी येते, तेव्हा नाही आली. मी म्हटलं, जे तुझं नव्हतं ते तू घेतलंस आणि जिचं होतं तिच्याच अंगावर फेकलंस. उद्या ती ओळ गायची नाही. त्यानं मान डोलावली.

आईला कार्यक्रमाला न्यायचा माझा विचार नव्हता. पण ती दुपारपासून पातळ नेसून तयार. पोरगा आपल्या गावात गाऊन राहिला अन् मी घरी बसू का, असं म्हणाली. आम्हाला पुढे कडेला खुर्च्या दिल्या होत्या. दिवस मावळता मावळता मैदान भरलं. नांदगाव, दर्यापूर, अचलपूर, कुठकुठून पोरं आली होती. आवाज एवढा की छातीत हादरे बसायचे. आई पदर कानावर धरून बसली, पण नजर मुलावरून हटली नाही.

ते गाणं सुरू झालं. तोच एकटा आवाज, भिंत चाचपणारा. ओळ जवळ आली आणि सुमेधनं ठरल्याप्रमाणे माइकपासून तोंड बाजूला केलं. गिटारही थांबवलं. शब्द पाळला त्यानं.

आणि त्या शांततेत सगळ्या मैदानानं ती ओळ म्हटली.

त्यांना वाटलं, त्यानं ती आपल्यासाठी सोडली. हजारो पोरं, घसा फाडून, हात वर करून. माझ्या वर्गातल्या मुली त्यात मला दिसल्या. मायनं पाजलं घोटभर पानी, अन् माहा बाप गेला. एकदा म्हणून भागलं नाही, पुन्हा म्हटली, पुन्हा म्हटली. सुमेध मंचावर पांढराफटक उभा होता. त्याच्या हातात आता काही नव्हतं. मी आईचा हात धरून उठवायला गेले. ती उठेना.

आमच्या पुढ्यातच बांबूच्या कठड्याला धरून एक मुलगी उभी होती, विशीची असेल. ती इतक्या जिवानं ओरडत होती की तिच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या आणि तोंड आसवांनी भिजलं होतं. आईनं मला बाजूला केलं, पुढे गेली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. मुलगी वळली. गाणं तोवर विझत आलं होतं, म्हणून मला ऐकू आलं.

“कोन गेलं वं बाई तुहं?” आईनं विचारलं.

“आई.”

“पानी मांगे का?”

मुलीनं मान डोलावली. ती कुण्या म्हाताऱ्या बाईशी बोलतेय हे तिला माहीत होतं, त्या गाण्यातल्या बाईशी बोलतेय हे माहीत नव्हतं. म्हणाली, “खूप मांगे. डॉक्टर नाही म्हणले होते, म्हून आमी देल्लंच नाई. तशीच गेली ती. या गाण्यातल्या मायसारखी हिंमत मले झाली नाई.”

आईनं त्या मुलीचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं आणि पुढची दोन गाणी दोघी तशाच उभ्या राहिल्या. मी मागे उभी. माझ्या हातात आईची चप्पल होती, गर्दीत निसटली ती उचललेली.

घरी येताना ऑटोत गाडगेनगरच्या वळणावर आई म्हणाली, भूक लागली, घरी गेल्यावर थोडा भात लाव. जेवताना तिनं पेलाभर पाणी एका दमात पिऊन टाकलं. मग हात धुताना, माझ्याकडे न पाहता म्हणाली, “सुम्याले सांग, ती ओळ काढू नको म्हना.”

यात सुमेधचं काय कर्तृत्व? त्याला ती मुलगी माहीत नव्हती, तिची आई माहीत नव्हती. त्यानं आपल्या आईवर टाकलेला डाग एका परक्या पोरीनं स्वतःच्या आईच्या तहानेनं धुतला, आणि याचंही श्रेय उद्या अल्बमलाच मिळेल. कुणीतरी लिहील, की कला अशी जखमा भरते. कलेनं काही भरलं नाही. दोन बायकांनी एकमेकींचं आपसात निस्तरलं.

त्या कार्यक्रमानंतर सुमेधनं ती ओळ गायची सोडलीय. सगळीकडे तिथं गप्प उभा राहतो आणि पोरं ओरडतात. त्याचेही आता व्हिडिओ फिरतात, त्या मौनावरही लेख आलेत. महिन्यातून एकदा तो फोन करतो, आईची चौकशी करतो, आणि ठेवायच्या आधी घुटमळत विचारतो, ताई, आई त्या गाण्याबद्दल काही बोलली का?

आई मागच्या खोलीत झोपलेली असते. मी म्हणते, नाही, काही नाही बोलली.